लहान वस्तू, मोठं आभाळ : खानदेशी कवितेची आजची अवस्था

जळगाव-धुळ्याकडचे नवे कवितासंग्रह, तिथले दिवाळी अंक आणि कविसंमेलनांतून ऐकू येणारी कविता एकत्र समोर ठेवली की एक गोष्ट खटकत राहते. या कवितेत ब्रह्मांड आहे, अनंत आहे, युगायुगांचा अंधार आहे, विश्वाचा पसारा आहे. कवीच्या हातात मात्र काही नाही. ना भाकरी, ना बी, ना पाटाचं पाणी, ना फवारणीचा पंप. आभाळ पहिल्याच ओळीत येतं आणि शेवटच्या ओळीपर्यंत रिकामंच राहतं. ज्या मुलखाने बालकवी आणि बहिणाबाई दिल्या, ज्या मुलखातल्या फैजपुरात मर्ढेकर जन्मले, तिथल्या कवितेचं असं व्हावं याचं मनापासून वाईट वाटतं. पुरस्कार, संमेलनं, विद्यापीठ हे सगळं तिथे आहे. मग नेमकं काय सुटलं?

लहानात मोठं पाहण्याची दृष्टी मराठीला नवी नाही. उपनिषदांपासून ती चालत आली, ज्ञानेश्वरांनी तिला मराठी केलं, तुकोबांनी तर स्वतःलाच अणूहून लहान आणि आकाशाएवढं करून टाकलं. पण संतांच्या या दृष्टीमागे अध्यात्माची भक्कम बैठक होती. खानदेशच्या कवितेने हीच गोष्ट कामातून साधली. हाताखालून रोज जाणारी वस्तू इतकी जवळून पाहायची की तिच्यातून आपोआप फार मोठं काही दिसायला लागावं, ही तिची रीत. ती रीत बहिणाबाईंच्याही आधीची आहे, आणि तिची सर्वांत जुनी खूण कवितेच्या पुस्तकात नाही, दगडावर आहे.

चाळीसगावजवळ पाटण म्हणून जुनं ठिकाण आहे, पाटणादेवीमुळे लोकांना माहीत असलेलं. तिथे १२०७ सालचा शिलालेख सापडला, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता, त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ काढला. लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे, पण मठाला काय काय दिलं हे सांगणारा भाग त्या काळच्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात जो किराणा विकला जाईल त्यावरचा राजाला मिळणारा कर मठाला द्यावा, अशी ती व्यवस्था. म्हणजे ग्रहताऱ्यांच्या गतीचा अभ्यास सुपारी-मिरीच्या खरेदीवर चालायचा. आकाशाचा खर्च बाजाराने उचलायचा, याहून खानदेशी गोष्ट मला सुचत नाही.

भास्कराचार्यांनी १११४ साली जन्म घेतला आणि छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, 'सिद्धांतशिरोमणी' पूर्ण केला. सगळा ग्रंथ पद्यात. त्याचाच एक भाग असलेल्या 'लीलावती'मधलं कमळाचं गणित पाहा. तळ्यात कमळाची कळी पाण्याच्या वर वीतभर, म्हणजे अर्धा हात, उभी आहे. वारा येतो, देठ कलतो आणि मूळ जागेपासून दोन हातांवर कळी पाण्यात बुडते. तर पाण्याची खोली किती? उत्तर पावणेचार हात. पाण्यात न उतरता, फक्त कळीचं वाकणं पाहून तळ सापडतो. ज्योतिषाचं सगळं शास्त्रही याच युक्तीवर उभं होतं: सपाट जमिनीवर बारा अंगुळांचा शंकू रोवायचा, त्याची सावली मोजायची आणि त्या हातभर सावलीवरून सूर्य कुठे आहे, आपण पृथ्वीवर कुठे आहोत हे काढायचं. याच भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीबद्दल सांगताना तिची तुलना परमेश्वराशी केली आहे. सृष्टी निर्माण झाली किंवा लयाला गेली तरी ज्याच्यात काही वाढत नाही, घटत नाही, असा तो. गणिती आणि कवी यांत इथे फरक करता येत नाही. पाटणच्या त्या मठात वर्षानुवर्षं विद्यार्थी हे श्लोक घोकत बसले असतील. खानदेशच्या साहित्याचा इतिहास शिकवताना पाटणचा शिलालेख पहिल्या पानावर यायला हवा. तो बहुधा इतिहासाच्या तासाला येतो आणि तिथेच संपतो.

आता बहिणाबाई. २४ ऑगस्ट १८८० रोजी असोद्याच्या महाजनांच्या घरी जन्म, तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींच्या वाड्यात लग्न, तिशीत वैधव्य, ३ डिसेंबर १९५१ रोजी निधन. अक्षरओळख नाही. शेतात, घरात काम करता करता त्यांनी जी गाणी म्हटली, ती मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर यांनी जमेल तशी टिपून ठेवली. आचार्य अत्र्यांनी ती पाहिली आणि १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. हा सगळा इतिहास प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ आहे आणि तोच आता अडचण ठरतो आहे. निरक्षर बाईने केवढं सांगून ठेवलं, या कौतुकातच आपण थांबतो. बहिणाबाईंच्या ओळी सुविचार म्हणून फळ्यावर आणि मोबाइलवर फिरतात, कविता म्हणून त्या फार थोडे लोक वाचतात.

मनावरची त्यांची कविता घ्या, कारण आपल्या विषयाचं ती सर्वांत उघड उदाहरण आहे. मन खसखशीच्या दाण्याएवढं लहान आणि आभाळातही न मावण्याइतकं मोठं, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं आहे. पण कविता तिथून सुरू होत नाही. ती सुरू होते उभ्या पिकात शिरलेल्या ओढाळ ढोरापासून, ज्याला कितीही हाकललं तरी ते पुन्हा पिकावर येतं. मग वाऱ्याने चाललेल्या पाण्यावरच्या लाटा, मग विषारी प्राणी, ज्यांच्या विषावर निदान मंत्रतंत्र आहे, मग पाखरू, मग वीज. इतकं सगळं झाल्यावर खसखशीचा दाणा येतो. ढोर बांधावरचं, खसखस मात्र खानदेशच्या शेतात पिकत नाही, ती वाण्याच्या दुकानातून पुडीत बांधून येते, सणावारालाच बाहेर निघते आणि बाईच्या बोटांना तिचा बारीकपणा पक्का ठाऊक असतो. बहिणाबाईंनी आभाळाशेजारी ठेवायला घरातली सर्वांत लहान मोजता येणारी वस्तू निवडली. आणि कविता आभाळाशीही थांबत नाही. शेवटी ती देवालाच विचारते की असं मन तू घडवलंस तरी कसं, जागेपणी तुला हे कुठलं स्वप्न पडलं. ढोरापासून निघालेली कविता देवाच्या स्वप्नापर्यंत पोचते आणि मधली एकही पायरी चुकवत नाही. ही पायऱ्यांची शिस्त आजच्या कवितेत दिसत नाही.

दुसरं उदाहरण मला याहून मोलाचं वाटतं. पेरणीनंतर मातीखाली निजलेल्या बियाण्याची त्यांची कविता आहे. माती शालीसारखी अंगावर घेऊन बी झोपतं, मग कोंब वर येतात आणि त्यांतून उलगडणारी दोन पानं हात जोडल्यासारखी दिसतात. शाळेत या ठिकाणी उपमा अलंकार सांगून पुढे जातात. पण ज्वारी-बाजरीचा कोंब असा येत नाही. तो एका टोकदार गुंडाळीसारखा वर निघतो. दोन पानं जोडीने उघडतात ती कपाशीची, मुगाची, उडदाची. म्हणजे बाईंनी पाहिलेलं बी द्विदल आहे, बहुधा कपाशीचं किंवा कडधान्याचं, आणि नमस्काराची ती कल्पना कुठल्या भक्तिगीतातून आलेली नाही. ती वाफ्यात वाकून पाहिल्यावर आली. धरित्रीचा एवढा मोठा संसार त्या दोन पानांत मावतो, कारण ती पानं खरी आहेत. कवितेत जे विराट आहे त्याची हमी तिथल्या लहान वस्तूचा खरेपणा देतो, हे मला या एका जागी जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्या समीक्षाग्रंथात सापडलं नाही.

सुगरणीच्या खोप्याबद्दल एक गोष्ट नोंदवली पाहिजे. पक्षीनिरीक्षक सांगतात की तो खोपा नर विणतो, मादी तो पारखून पसंत करते. बहिणाबाईंनी घेतला तो लोकांमधला समज. पण चोचीने, हातांवाचून एवढं विणकाम कसं होतं याकडचं त्यांचं लक्ष चुकलेलं नाही, आणि माणसाच्या दोन हातांना, दहा बोटांना विचारलेला सवाल त्यामुळेच झोंबतो. तपशील एका ठिकाणी चुकला तरी पाहणं अस्सल असेल तर कविता तगते. उलटं होत नाही.

बालकवींची रीत नेमकी विरुद्ध दिशेची. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म १३ ऑगस्ट १८९०, धरणगाव. १९०७ साली जळगावला पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं तेव्हा सतराव्या वर्षी त्यांनी तिथे कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्यांना 'बालकवी' हे नाव दिलं. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला, तेव्हा ते अठ्ठावीसही झाले नव्हते. त्यांना निसर्गकवी म्हणून एका खणात बसवलं गेलं आणि तिथेच धूळ बसली.

'औदुंबर' ही आठ ओळींची कविता आहे. तिच्यावर मराठीत जेवढं लिहिलं गेलं तेवढं क्वचितच एखाद्या एवढ्याशा कवितेवर लिहिलं गेलं असेल. कुणाला त्यात योगी दिसला, कुणाला जीवनाचा प्रवास, कुणाला विरक्ती. मला तिच्यात सर्वांत आधी दिसते ती नजरेची चाल. झरा, पलीकडच्या टेकडीशी चार घरांचं गाव, पुढे शेतमळ्यांची गर्दी, त्यातून जाणारी आडवीतिडवी पांढरी पायवाट, ती पोचते ती काळ्या डोहाशी, आणि तिथे पाण्यात पाय टाकून बसलेलं एक झाड. सगळा देखावा हळूहळू आवळत एका झाडावर येऊन थांबतो. रंगही पाहा: निळासावळा, हिरवा, पांढरा, मग काळा, म्हणजे उजेडातून खोलीकडे. झाडाला कवी काहीच म्हणायला लावत नाही. ते बसलं आहे, बस. त्या बसण्यामुळे वाचकाच्या मनात जे पसरतं त्याला सीमा नाही. बहिणाबाई दाण्यापासून आभाळाकडे जातात, बालकवी मुलखापासून झाडाकडे येतात. दोघांची भेट होते ती मधे कुठेतरी, जिथे लहान आणि मोठं ही मापंच गळून पडतात. 'फुलराणी'त तर एका कळीच्या लग्नाला आकाशातून वऱ्हाड येतं. मुलांची कविता म्हणून आपण ती बाजूला सारली, पण एका कळीसाठी अवघ्या सृष्टीला कामाला लावण्याची ती हिंमत प्रौढांच्या कवितेत शोधूनही सापडत नाही.

फैजपूरबद्दल दोन शब्द. विसाव्या शतकाच्या आरंभी केशवसुत तिथल्या शाळेत शिक्षक होते, आणि १ डिसेंबर १९०९ रोजी त्याच गावात बाळ सीताराम मर्ढेकर जन्मले. आधुनिक मराठी कवितेची पहिली आणि दुसरी क्रांती एकाच लहान गावाशी जोडली जावी हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण मर्ढेकरांकडे आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहायलाच हवं, कारण त्यांनी ही जुनी रीत शहरात नेली आणि तिचा अर्थ उलटा केला. १९४७च्या 'कांही कविता'मधले पिपातले मेलेले उंदीर आठवा. आणि मुंग्या आठवा, ज्यांच्या रांगेत कवी स्वतःलाही पाहतो. लहान जिवाकडे पाहून इथे परमेश्वर दिसत नाही. दिसतं ते महायुद्धानंतरचं जग, यंत्राची गर्दी, न मागता मिळालेलं जगणं आणि तसंच मरण. आकार तितकाच मोठा, फक्त त्याच्यात आता देव नाही. लहान वस्तू सुंदरच असली पाहिजे, मंगलच असली पाहिजे, ही अट मर्ढेकरांनी मोडली. खानदेशातल्या आजच्या कवीला बहिणाबाईंइतकाच मर्ढेकरांचा वारसा हक्काने सांगता येईल. सांगणारा मला भेटलेला नाही.

महानोरांविषयी थोडक्यात. पळासखेडं सोयगाव तालुक्यातलं, पण त्यांचं येणंजाणं, शिकणं, मैत्र जळगावशी. १९६७ला 'रानातल्या कविता' आल्या आणि ज्वारीच्या कणसात, पावसाच्या पहिल्या सरीत त्यांनी केवढी मोठी देहाची आणि मातीची ओढ भरून ठेवली. ऑगस्ट २०२३मध्ये ते गेले. त्यांच्यामागे अनुकरणाचा जो लोंढा आला तो अजून ओसरलेला नाही: हिरवंगार रान, ओली माती, पाखरांचे थवे, आणि कुठल्या पिकाचं रान हे विचारायची सोय नाही. मूळ कवीला पीक माहीत होतं. 'मेलडी' आणि 'देखणी' हे नेमाड्यांचे दोन लहान कवितासंग्रह आहेत. सांगवीच्या या लेखकाला ज्ञानपीठ मिळालं तेव्हाही चर्चा कादंबऱ्यांचीच झाली. त्या दोन पुस्तकांकडे तरुण कवींनी वळावं.

इथून पश्चिमेला सरकलं की शहादा. १ जुलै १९९८ला नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत हा भाग धुळे जिल्ह्यातच होता. वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७चा. भिल्ल समाजातून, चळवळीतून आलेल्या या कवीने संग्रहाला नाव दिलं ते अंथरुणाचं. जुन्या चिंध्या जोडून शिवलेली गोधडी ही आदिवासी घरातली रोजची वस्तू, आणि तिच्यात एका समाजाचं विस्थापन, कर्ज, थंडी आणि जिद्द सगळं शिवलं गेलं. आदिवासींचा इतिहास हा मोठा विषय आहे म्हणून कविता मोठी होत नाही; गोधडीचा टाका दिसतो म्हणून होते. गेल्या चाळीस वर्षांतल्या खानदेशी कवितेत मला हा संग्रह फार वरच्या जागी दिसतो आणि विद्यापीठीय चर्चेत त्याला मिळते ती जागा अपुरी वाटते.

अहिराणीची गोष्ट वेगळी काढायला हवी. २०११च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे सुमारे १८ लाख ६० हजार लोक नोंदले गेले, त्यातले बहुतेक अहिराणीचे. डॉ. रमेश सूर्यवंशी यांचा शब्दकोश आहे, डॉ. सुधीर देवरे यांनी 'ढोल' हे अहिराणी नियतकालिक चालवलं. कानबाईची, आखाजीच्या गौराईची, भुलाबाईची गाणी अजून गळ्यात आहेत. एवढी शिदोरी असून व्यासपीठावरची अहिराणी कविता बहुतेक वेळा हसवण्यासाठी येते. सासू-सून, नवरा-बायको, पुढारी, टाळ्या. हसवण्याला माझा विरोध नाही. खानदेशी माणसाचा तो हक्क आहे. पण ज्या भाषेत कानबाईच्या रोटासाठी सव्वा मापाचे गहू जात्यावर घालतानाही बाया सूर्य-चंद्राला सोयरे करतात, ती भाषा फक्त विनोदासाठी वापरायची हा तिचा अपमान आहे. गाण्यातल्या बायका देवाला पाहुणा म्हणून घरी आणतात, रात्रभर जागवतात आणि सकाळी नदीवर पोचवतात. एवढ्या मोठ्या गोष्टीला एक नारळ पुरतो. आजच्या अहिराणी कवीने ही गाणी लोकवाङ्मयाच्या पेटीत बंद न करता त्यांची रचना शिकून घ्यावी.

आता मूळ तक्रारीकडे येतो. आजच्या कवितेत दोन दोष आहेत आणि ते एकमेकांना पोसतात. पहिला दोष आरंभी सांगितला: वस्तूवाचून विराट. दुसरा याच्या उलट दिसतो, पण मुळात तोच आहे. कवितेत जातं येतं, चूल येते, मोट येते, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा, कंदील येतो. जळगावात चौधरी वाड्यात बहिणाबाईंच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत, आणि ते योग्यच आहे. वस्तूंना तिथे सन्मान आहे. पण कवितेचं वस्तुसंग्रहालय झालं की ती मेली. बहिणाबाईंनी घरोटावर, म्हणजे जात्यावर, गाणं केलं तेव्हा त्यांच्या दंडाला घरोटाचा भार लागत होता. आज घरात मिक्सर असलेल्या माणसाने जात्याचा उसासा टाकला की त्यात जगाचा आवाज ऐकू येत नाही, फक्त बहिणाबाईंचा उसना आवाज येतो.

आणि नव्या वस्तूंची काय वाण आहे? रावेर-यावलकडे केळीची बाग पाहा. मृगबाग आणि कांदेबाग असं तिचं वेळापत्रक, ऊतिसंवर्धनातून आलेली एकसारखी रोपं, झाडाच्या बुडाशी ठिबकची काळी नळी आणि तिच्यावरचं एवढंसं छिद्र, ज्यातून तासाला चार लिटर पाणी मोजून पडतं. तापीचं पाणी, त्यामागे सातपुड्याचा पाऊस, त्यामागे अरबी समुद्राचा वारा, हे सगळं त्या छिद्रापाशी येऊन थेंब होतं. केळ एकदाच व्यायते. घड कापला की झाडही कापतात आणि बुडातलं पील वाढू देतात. हे पाहून ज्याला जन्म-मृत्यूवर वेगळी कविता लिहावीशी वाटते त्याला दुसरं काय दाखवावं? 'हरण्या' रोग आला की पानांवर फिकट पट्टे उठतात आणि शेतकरी उभी रोपं उपटून फेकतो. मावा नावाच्या किड्याच्या तोंडून आलेला, डोळ्यांना कधी न दिसणारा विषाणू एका घराचं वर्ष घेऊन जातो.

कपाशीचं तर विचारूच नका. गुलाबी बोंडअळी फुलात शिरली की पाकळ्या उघडत नाहीत, फुलाची गुलाबाच्या कळीसारखी गुंडाळी होते. शेतकरी तिला डोमकळी म्हणतो. दिसायला सुंदर, आत अळी. त्या एका डोमकळीत बियाणं कंपनीची प्रयोगशाळा आहे, जनुकाची गोष्ट आहे, फवारणीतून अंगावर आलेलं विष आहे, न्यूयॉर्कच्या वायदेबाजारातला कापसाचा भाव आहे आणि सोसायटीचं कर्ज आहे. आजचं ब्रह्मांड ते हे. मर्ढेकर असते तर त्यांनी डोमकळी सोडली नसती. बहिणाबाईंनी तर मुळीच सोडली नसती. रोज सकाळी त्या वाफ्यात वाकून पाहणाऱ्या होत्या.

धुळ्याकडे पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धत आहे. बंधारा, पाट, फडांची वाटणी आणि पाणी सोडणारा पाटकरी. शेकडो वर्षं गावांनी आपसांत ठरवून पाणी वाटलं. कुणाच्या शेतात किती वेळ पाणी गेलं याचा हिशेब ठेवणारा तो माणूस एका अर्थी काळाचाच हिशेब ठेवतो. पाटकऱ्यावर चांगली मराठी कविता माझ्या वाचनात नाही. असेल तर ती पाहायला मी धुळ्याला येईन.

असं का झालं, याचं माझं उत्तर कवींना पूर्ण दोष देत नाही. लहानातून मोठं पाहणाऱ्या कवितेला नेहमीच दुसऱ्या एका माणसाची गरज लागली आहे: ऐकणारा, टिपणारा, निवडणारा. बहिणाबाईंना सोपानदेव आणि पितांबर होते, नंतर अत्रे. कोवळ्या ठोंबऱ्यांना अहमदनगरला रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंचं घर मिळालं. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त ते दिवस आहेत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते हाताने उतरवून घेत. 'गीता प्रवचने' त्या लिहून घेण्यातून झाली. गुरुजी स्वतः लेखक असून लेखनिक झाले. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यात वारले आणि दहा दिवसांच्या आत त्यांचे कागद सांभाळायला माणसं उभी राहिली, संशोधन मंडळ निघालं. आजोबांचा ग्रंथ शिकवला जावा म्हणून बाजाराचा कर मिळवणारा चांगदेव याच रांगेतला. खानदेशच्या साहित्याचा खरा कणा हे टिपणारे लोक आहेत, असं माझं मत बनत चाललं आहे.

आज तो माणूस दिसत नाही. संमेलनं झाली. १९३६ला जळगावला माधव जूलियन अध्यक्ष होते, १९४४ला धुळ्याला मामा वरेरकर, १९५२ला अमळनेरला कृ. पां. कुलकर्णी, १९८४ला पुन्हा जळगावला शंकरराव खरात, आणि फेब्रुवारी २०२४मध्ये ९७वं संमेलन पुन्हा अमळनेरला, अध्यक्ष रवींद्र शोभणे. त्याच दिवसांत त्याच गावात विद्रोही संमेलनही. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८पासून बहिणाबाईंचं नाव आहे. बालकवी, बहिणाबाई, महानोर यांच्या नावाने पुरस्कार दिले जातात. मंडप आहे, मान आहे, माळ आहे. कवितेवर पेन्सिल फिरवणारा कुणी नाही. तरुण कवी पंचवीस कविता झाल्या की स्वतःच्या पैशाने संग्रह काढतो, प्रस्तावना घेतो, प्रकाशन करतो, आणि त्या प्रवासात एकही माणूस त्याला विचारत नाही की बाबा रे, तिसऱ्या ओळीतलं हे 'अनंत' कशासाठी, आणि पाचव्या ओळीतलं झाड कुठलं?

विनोबांचे शब्द सांभाळायला साने गुरुजींनी आपली लेखणी दिली. तेवढं मोठं मन नको, तासभर वेळ दिला तरी चालेल. जळगाव-धुळ्याच्या दिवाळी अंकांच्या संपादकांना, मराठी विभागातल्या प्राध्यापकांना आणि संग्रहांना प्रस्तावना लिहिणाऱ्या ज्येष्ठ कवींना माझी विनंती आहे. यंदा आलेल्या प्रत्येक कवितेत विश्व, ब्रह्मांड, अनंत, शून्य या शब्दांखाली रेघ मारा, शेजारी 'हातात काय आहे?' एवढं लिहा, आणि कविता परत पाठवा. जो कवी दोन महिन्यांनी डोमकळी, ठिबकची नळी किंवा पाटकऱ्याचं फावडं घेऊन परत येईल त्याची कविता अंकाच्या पहिल्या पानावर छापा.